रात्री दोन वाजताची वीज

ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल या पट्ट्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत बिनखिडक्यांच्या ज्या अजस्र इमारती उभ्या राहिल्या, त्यांत माणसे थोडी आणि यंत्रे फार. देशातल्या डेटा सेंटरांच्या एकूण क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई-नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत, आणि एप्रिल 2018 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवणे बंधनकारक केले. या इमारतींचे विजेचे बिल मोठे असते आणि अलीकडे त्या बिलासोबत एक प्रशस्तिपत्रही येऊ लागले आहे : ‘आमची वीज 100 टक्के अक्षय’. तुम्ही एखाद्या बँकेसाठी, रुग्णालयासाठी किंवा सॉफ्टवेअर कंपनीसाठी सर्व्हरची जागा भाड्याने घेणारे असाल, डेटा सेंटरच्या वीजखरेदीच्या खात्यात काम करत असाल, किंवा तुमच्या वस्तीशेजारी असे केंद्र येऊ घातले असेल, तर हा दावा केव्हा ना केव्हा तुमच्यापुढे येणार. तो खोटा असतो असे नाही. बहुतेक वेळा कागदोपत्री अगदी बरोबर असतो. पण तो वर्षाच्या बेरजेवर उभा असतो आणि वीज वर्षाच्या बेरजेने चालत नाही. ती ज्या क्षणी लागते त्याच क्षणी कुठेतरी तयार व्हावी लागते. म्हणून माझा सल्ला असा, की टक्का विचारण्याआधी वेळ विचारा. रात्री दोन वाजता या इमारतीत कुठली वीज येते, या एका प्रश्नाने निम्मी परीक्षा होते.

वार्षिक हिशेबाची पद्धत साधी आहे. डेटा सेंटरने वर्षभरात जितकी युनिट वापरली तितकीच युनिट सौर किंवा पवन प्रकल्पाकडून विकत घ्यायची, मग ती कोणत्या का वेळी तयार झालेली असेनात. गूगलने 2017 मध्ये या हिशेबाने 100 टक्क्यांचा टप्पा गाठल्याचे जाहीर केले. ॲमेझॉनने 2023 साठी तसाच दावा केला. परंतु गूगलनेच 2020 मध्ये हा हिशेब अपुरा असल्याचे मान्य करून 2030 पर्यंत दर तासाला, त्या-त्या विभागाच्या ग्रिडवरच कार्बनमुक्त वीज वापरण्याचे उद्दिष्ट ठेवले. या कडक मोजपट्टीने 2023 मध्ये तिचा जगभरचा आकडा 64 टक्के निघाला. कंपनी तीच, वर्ष तेच. वार्षिक हिशेबात 100 आणि तासागणिक हिशेबात 64. ही तफावत कंपनीने स्वतः छापली याबद्दल तिला श्रेय द्यायला हवे, कारण बाकीच्या बऱ्याच जणांनी तेवढेही केलेले नाही. वर्षाचा पाऊस सरासरीइतका पडला म्हणून मे महिन्यात विहिरीला पाणी असतेच असे नाही, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विजेच्या बाबतीत मात्र सुशिक्षित खरेदीदारही सरासरीवर समाधान मानतात.

महाराष्ट्रापुरते गणित मांडून पाहू. समजा, एका केंद्राचा एकूण भार 100 मेगावॉट आहे आणि तो दिवसरात्र जवळपास सारखाच राहतो. वर्षाची गरज झाली 87.6 कोटी युनिट. सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीने आपल्या क्षमतेच्या पाव हिस्सा वीज देतो असे जरा उदारपणे धरले, तर ही गरज भागवायला 400 मेगावॉटचा प्रकल्प लागेल. मेगावॉटमागे चार-पाच एकर धरले तर सोळाशे ते दोन हजार एकर जमीन. आता या प्रकल्पाचा दिवस पाहा. ऐन दुपारी तो 300 ते 400 मेगावॉट देतो, केंद्राला हवे 100. उरलेली वीज ग्रिडमध्ये जाते. सूर्य कलला की उलटे होते आणि संध्याकाळी सहानंतर पहाटेपर्यंत प्रकल्पाकडून शून्य. सकाळ-संध्याकाळचे कमी उन्हाचे तास धरूनही केंद्राच्या प्रत्यक्ष वापरातला फार तर 40 टक्क्यांच्या आसपासचा भाग सूर्य थेट भागवतो. उरलेल्या 60 टक्क्यांसाठी, म्हणजे सुमारे 52 कोटी युनिटसाठी, ग्रिडवर विसंबावे लागते आणि आपली ग्रिड अजून मुख्यतः कोळशावर चालते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या दराने हे झाले वर्षाला साडेतीन लाख टनांहून अधिक. प्रशस्तिपत्रावर मात्र 100 टक्के.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की दुपारी ग्रिडला दिलेली जादा वीज दुसरीकडचा कोळसा वाचवते, तेव्हा रात्री घेतलेल्या कोळशाच्या विजेची फिट्टंफाट होतेच. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ग्रिडवर सौर वीज थोडी होती तोवर तो बराच खरा होता, आणि वार्षिक करारांनी सुरुवातीच्या काळात सौर प्रकल्पांना हक्काचे गिऱ्हाईक मिळवून दिले हेही खरे. आता चित्र बदलत चालले आहे. 2025 मध्ये राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने तयार झालेली सौर वीज उचलता आली नाही, प्रकल्पांना उत्पादन रोखावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात वीज बाजारात दुपारच्या काही वेळांना भाव शून्याजवळ घसरला. उलट टंचाईच्या दिवसांत संध्याकाळी हाच भाव नियामकाने घातलेल्या युनिटमागे दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडतो. कोळशाचा संचही दुपारी पूर्ण बंद करता येत नाही; संध्याकाळी तो लागणार असतो, म्हणून निदान अर्ध्याच्या वर भारावर धगधगत ठेवावा लागतो. अशा ग्रिडवर दुपारचे एक युनिट आणि रात्रीचे एक युनिट यांची अदलाबदल सारख्या भावात करणे म्हणजे हिशेब जमला म्हणून काम झाले असे मानणे. आणि जितके जास्त उद्योग फक्त दुपारची वीज विकत घेऊन 100 टक्क्यांचा शिक्का मारतील, तितकी ही फिट्टंफाट पोकळ होत जाईल.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, आकडे मागा. आणि ते मिळत नाहीत ही सबब ऐकून घेऊ नका. भारतातली ग्रिड दिवसाचे 96 तुकडे पाडून, पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने चालवली जाते. खुल्या प्रवेशाने म्हणजे ओपन ॲक्सेसने, वितरण कंपनीऐवजी थेट उत्पादकाकडून, वीज घेणाऱ्या मोठ्या ग्राहकाच्या मीटरवर आणि ती पुरवणाऱ्या प्रकल्पाच्या मीटरवर याच पंधरा मिनिटांच्या नोंदी होतात. महाराष्ट्रात हा सगळा ताळमेळ सांभाळणारे राज्य भार प्रेषण केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीतच आहे, डेटा सेंटरांच्या अगदी शेजारी. युरोप-अमेरिकेत तासागणिक हिशेबासाठी नवी यंत्रणा उभारण्याची चर्चा चालते. आपल्याकडे निदान मोठ्या ग्राहकांपुरती ती नोंद आधीपासून आहे, फक्त ती जाहीर करण्याची रीत नाही. तेव्हा पुरवठादाराकडे मागील बारा महिन्यांची नोंद मागा : प्रत्येक पंधरा मिनिटांत केंद्राने किती वीज वापरली आणि करारातल्या प्रकल्पांनी किती दिली. प्रत्येक तुकड्यात या दोहोंपैकी जो आकडा लहान, तो जमेस धरायचा. जादा झालेली वीज पुढच्या तुकड्यात ओढायची नाही. सगळ्या तुकड्यांची बेरीज करून एकूण वापराने भागले की खरा टक्का हाती येतो. साध्या स्प्रेडशीटचे काम आहे, त्याला सल्लागार लागत नाही. शिवाय तो टक्का महिनावार आणि दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळा काढा, म्हणजे खड्डा नेमका कुठे आहे ते दिसेल.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. आपल्याकडे एक अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॉट-तास, म्हणजे हजार युनिट. गेल्या काही वर्षांत त्याचा भाव काही शे रुपयांत राहिला आहे, म्हणजे युनिटमागे खर्च पैशांत मोजण्याइतका. इतक्या स्वस्तात वर्षभराची वीज हिरवी करून मिळत असेल तर शंका यायलाच हवी. पूर्वीच बांधून झालेल्या, कर्ज फिटलेल्या पवनचक्कीचे प्रमाणपत्र विकत घेतल्याने नवी वीज तयार होत नाही. फक्त मालकाच्या खात्यात थोडी भर पडते. म्हणून तीन बाबी लेखी मागा. प्रकल्प केव्हा सुरू झाला आणि तो या करारामुळे उभा राहिला का? तो कुठे आहे? आणि त्याच्या विजेचे हरित श्रेय नेमके कोणाच्या नावे जमा होते? शेवटचा मुद्दा सर्वांत निसरडा आहे. तीच वीज वितरण कंपनीने आपल्या अक्षय ऊर्जेच्या बंधनकारक कोट्यात मोजली, उत्पादकाने तिचे प्रमाणपत्र विकले आणि डेटा सेंटरने जाहिरातीत वापरली, तर एका युनिटचे तीन धनी झाले. हा कोटा केंद्र सरकारने 2024-25 साठी 29.91 टक्के आणि 2029-30 साठी 43.33 टक्के ठरवला आहे, आणि तो खुल्या प्रवेशाने किंवा कॅप्टिव्ह पद्धतीने, म्हणजे स्वतःचे भांडवल असलेल्या प्रकल्पातून, वीज घेणाऱ्या ग्राहकांनाही लागू आहे. तेव्हा कायद्याने जे करावेच लागते ते वगळून वर किती केले, हेही विचारायला हरकत नाही.

आता वीजखरेदी ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी. 2022 च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी पूर्वीची एक मेगावॉटची अट 100 किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम आकाराच्या केंद्रालाही आता थेट प्रकल्पाकडून वीज घेता येते. प्रकल्पात ग्राहकांनी मिळून किमान 26 टक्के भांडवल घातले आणि निदान 51 टक्के वीज वापरली, तर तो कॅप्टिव्ह ठरतो आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीच्या दरांसाठीचा आकार) टळतो. या वाटेने मिळणारी बचत खरी आहे, पण प्रकल्पाच्या दारातला दर पाहून भुलू नका. पारेषण आकार, वहन आकार, वाटेतली गळती आणि बँकिंगचा खर्च धरून वीज तुमच्या मीटरवर काय भावाने पडते तोच दर खरा. आंतरराज्य पारेषण आकारातली पूर्ण सूट 30 जून 2025 पर्यंत सुरू झालेल्या सौर व पवन प्रकल्पांनाच होती, त्यानंतरच्यांसाठी ती दरवर्षी पायरीपायरीने घटते. बँकिंग म्हणजे दुपारची जादा वीज ग्रिडकडे ठेवून नंतर परत घेण्याची सोय. तिचे नियम वीज नियामक आयोगाच्या आदेशांनी वारंवार बदलतात आणि ज्याने पंचवीस वर्षांचे गणित या सोयीवर बसवले त्याची झोप प्रत्येक सुनावणीला उडते. तासागणिक हिशेबाचा व्यावहारिक फायदा इथे दिसतो. ज्या वेळी वीज लागते त्याच वेळी ती येत असेल, तर बँकिंग राहिले काय आणि गेले काय, फारसा फरक पडत नाही. आणखी एक सूचना : इमारत 100 मेगावॉटची असली तरी ती भरायला वर्षे लागतात, म्हणून करार टप्प्याटप्प्याने करा, नाहीतर न लागणाऱ्या विजेचे पैसे मोजावे लागतील.

तासागणिक हिशेबातला खड्डा भरण्याचा क्रम मात्र पाळायला हवा, आणि त्यात सर्वांत आधी येते ती बचत. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या 2024 च्या पाहणीत डेटा सेंटरांची सरासरी पीयूई 1.56 निघाली. म्हणजे संगणकांना लागणाऱ्या प्रत्येक युनिटमागे आणखी अर्ध्याहून अधिक युनिट मुख्यतः थंडाव्यावर जाते. वरच्या उदाहरणातल्या केंद्राने हा आकडा 1.3 वर आणला तर भार 100 वरून सुमारे 83 मेगावॉटवर येतो आणि वर्षाला जवळपास 15 कोटी युनिट वाचतात. ती वीज तयार करायला 65-70 मेगावॉटचा सौर प्रकल्प लागला असता. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत हे नागपूर किंवा पुण्यापेक्षा अवघड आहे, कारण बाष्पीभवनाने थंडावा मिळवण्याची युक्ती इथे वर्षातले बरेच महिने लंगडी पडते. तरीही शीतकरणाचे पाणी थोड्या जास्त तापमानाला चालवणे, गरम आणि थंड हवेच्या वाटा वेगळ्या करणे, द्रवशीतकरणाची सर्व्हर यंत्रणा घेणे, हे सगळे हाताशी आहे.

त्यानंतर येतो वारा. महाराष्ट्राला निसर्गाने एक सोय करून दिली आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही याचे मला नवल वाटते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सौर उत्पादन घसरते, त्याच महिन्यांत साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेल परिसरात वारा जोरात असतो, आणि तो रात्रीही वाहतो. सौर आणि पवन योग्य प्रमाणात मिसळले तर केवळ सौरऊर्जेने 40 टक्क्यांवर अडकलेला तासागणिक आकडा बराच वर सरकतो, आणि तेही बॅटरीचा एक पैसा खर्च न करता. जुन्या पवनचक्क्या काढून त्याच जागी मोठ्या बसवण्यालाही इथे वाव आहे. खरी अडचण ऑक्टोबर-नोव्हेंबरची. पाऊस गेलेला, वारा पडलेला, ऑक्टोबरच्या उन्हाने थंडाव्याची गरज वाढलेली आणि सूर्य सहाच्या सुमारास मावळणारा. करार तपासताना याच दोन महिन्यांची आकडेवारी आधी पाहा. वर्षभराच्या सरासरीत हे दिवस दडून जातात. अशा मिश्र विजेचे करार नवे नाहीत. सेकी या केंद्र सरकारच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या मे 2020 च्या अहोरात्र विजेच्या 400 मेगावॉटच्या निविदेत वर्षाला 80 टक्के आणि कोणत्याही महिन्यात निदान 70 टक्के पुरवठ्याची अट होती, आणि पहिल्या वर्षाचा दर 2.90 रुपये निघाला होता. महिन्याची अट घालता येते तर दिवसाच्या वेळेची का नाही? मागणीच्या वेळापत्रकाबरहुकूम वीज देण्याच्या अलीकडच्या निविदांत तीही येऊ लागली आहे.

साठवणुकीबद्दल तीन-चार वर्षांपूर्वी लिहिलेले बरेचसे आता शिळे झाले आहे. सेकीच्या डिसेंबर 2024 च्या लिलावात 2000 मेगावॉट सौरऊर्जेसोबत 1000 मेगावॉटची, चार तास पुरेल इतकी साठवण जोडून दर 3.52 रुपये आला. आपल्या 100 मेगावॉटच्या केंद्राला चार तासांची, म्हणजे 400 मेगावॉट-तासांची बॅटरी मिळाली तर संध्याकाळचा सर्वांत महाग आणि सर्वांत काळा टप्पा सुटतो, आणि तासागणिक हिशेबात 16-17 टक्क्यांची भर पडते. बॅटरी संपूर्ण रात्र मात्र पेलणार नाही. पंधरा तासांसाठी 1500 मेगावॉट-तास लागतील. तिथे सह्याद्री मदतीला येऊ शकतो. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, मागोमाग भिवपुरी आणि भिरा. ही तिन्ही केंद्रे आजही मिळून 447 मेगावॉटची आहेत, आणि भिऱ्यातला 150 मेगावॉटचा संच खालचे पाणी पुन्हा वर चढवू शकतो. घाटघरचा उदंचन प्रकल्प 250 मेगावॉटचा आहे. शिरवटा येथे 1800 आणि भिवपुरी येथे 1000 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने ऑगस्ट 2023 मध्ये राज्य सरकारशी करार केला. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवून रात्री खाली सोडायचे, यात पाचवा हिस्सा किंवा थोडी अधिक वीज खर्ची पडते. पण आठ-आठ तास पुरणारी साठवण याहून खात्रीची दुसरी नाही. नवे प्रकल्प घाटातल्या जंगलजमिनीवर येतात तेव्हा त्यांची किंमत फक्त रुपयांत मोजून भागणार नाही, हे मात्र डेटा सेंटरवाल्यांनी ध्यानात ठेवावे. केंद्राच्या आवारातही एक साठवण शक्य आहे आणि ती फार स्वस्त पडते : दुपारी पाणी थंड करून मोठ्या टाक्यांत ठेवायचे आणि संध्याकाळी तेच थंडाव्यासाठी वापरायचे.

भार हलवता येतो का, या प्रश्नाला उत्तर कामाच्या प्रकारावर अवलंबून आहे. यूपीआयचा व्यवहार किंवा रुग्णालयाची नोंद सूर्य उगवेपर्यंत थांबवता येणार नाही. परंतु बॅकअप, चित्रफितींची प्रक्रिया, शोधसूची बनवणे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिमानांचे काही प्रशिक्षण ही कामे काही तास पुढेमागे झाली तर कोणाचे बिघडत नाही. गूगल 2020 पासून अशी कामे स्वच्छ विजेच्या वेळेकडे सरकवते, आणि 2025 मध्ये तिने अमेरिकेतल्या दोन वीज कंपन्यांशी टंचाईच्या वेळी यंत्रशिक्षणाचा भार कमी करण्याचे करार केले. आपल्याकडे एप्रिल 2024 पासून केंद्र सरकारच्या नियमांनुसार 10 किलोवॉटच्या वरच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार दर लागू करायचे आहेत, सौर तासांत स्वस्त आणि कमाल मागणीच्या वेळी महाग. म्हणजे भार दुपारकडे सरकवण्याचे बक्षीस बिलातच आहे. जागा भाड्याने देणाऱ्या केंद्रांत अडचण वेगळी असते. सर्व्हर ग्राहकाचे, बिल केंद्राचे, आणि कोणते काम थांबवता येईल हे केंद्राच्या मालकाला ठाऊकच नसते. ग्राहक म्हणून तुम्हीच हे सांगू शकता.

सर्वांत गंभीर आक्षेप खर्चाचा आहे. तासागणिक 100 टक्के गाठायला गेले तर शेवटचे काही टक्के अवाच्या सवा महाग पडतात, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अभ्यासांतूनही दिसले आहे. त्यामुळे ॲमेझॉन आणि मेटासह काही कंपन्यांचे म्हणणे असे, की वेळेच्या मागे लागण्यापेक्षा जगात जिथे ग्रिड सर्वांत काळी तिथे सौर-पवन प्रकल्प उभारा, एकाच पैशात जास्त कार्बन टळेल. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि तो प्रामाणिकपणे पाळला तर भारतासारख्या देशाकडे प्रकल्प वळतीलही. पण त्याने नवी मुंबईतल्या रात्रीचा प्रश्न सुटत नाही. तिथल्या विजेसाठीचा कोळसा जळतच राहतो आणि त्याचा धूर औष्णिक केंद्रांच्या शेजारचे लोक श्वासात घेतात. 100 टक्क्यांचा हट्ट धरा असे मीही म्हणणार नाही. 70-80 टक्क्यांपर्यंतचा मार्ग सौर, पवन आणि काही तासांच्या साठवणुकीने आज परवडण्याजोगा झाला आहे; तिथवर जा आणि उरलेल्या भागाला उरलेला भागच म्हणा, त्यावर प्रमाणपत्राची चादर घालू नका. जगाचा कलही इकडेच आहे. युरोपीय संघाने अक्षय हायड्रोजनसाठी 2030 पासून तासागणिक जुळणी बंधनकारक केली आहे, आणि कंपन्यांच्या उत्सर्जनाचा हिशेब ज्या जीएचजी प्रोटोकॉलने मांडला जातो त्याचा विजेविषयीचा सुधारित मसुदा ऑक्टोबर 2025 मध्ये मतांसाठी खुला झाला, त्यातही तासागणिक जुळणीच प्रस्तावित आहे. आज केलेला पंचवीस वर्षांचा वार्षिक करार उद्याच्या नियमात अपुरा ठरण्याचा धोका खरेदीदाराने गृहीत धरायला हवा.

शेजारी राहणाऱ्या नागरिकांसाठी प्रश्न थोडे निराळे आहेत. प्रकल्प राजस्थानात असो की सोलापुरात, 2013 च्या अखेरीपासून सगळा देश एकाच ग्रिडवर आहे. मात्र मुंबई महानगरात वीज आणणाऱ्या वाहिन्या मोजक्याच. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघे पट्ट्यातल्या 400 केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा शहराची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. त्यानंतर खारघर-विक्रोळी वाहिनी झाली, आणखी कामे चालू आहेत. नव्या केंद्राला परवानगी देताना त्याच्यासाठी लागणाऱ्या उपकेंद्राचा आणि वाहिनीचा खर्च कोण देणार, तो बाकीच्या ग्राहकांच्या दरात मिसळणार का, आणि डिझेल जनरेटर वर्षाला किती तास चालणार, हे जनसुनावणीत विचारा. आयर्लंडमध्ये 2023 साली मोजलेल्या एकूण विजेपैकी 21 टक्के डेटा सेंटरांनी घेतली आणि डब्लिनभोवती नव्या जोडण्या थांबवायची वेळ आली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगातल्या डेटा सेंटरांचा वापर 2024 मधल्या सुमारे 41,500 कोटी युनिटवरून 2030 पर्यंत 94,500 कोटींवर जाईल. ही वाढ जिथे एकवटते तिथे प्रश्न आधी भेडसावतो, आणि आपल्या देशात ती एकवटली आहे ठाणे खाडीच्या काठी.

राहता राहिला छोटा ग्राहक, ज्याच्या मागण्याला वजन नाही असे त्याला वाटते. त्यानेही निदान तुलना करावी. गूगल आपल्या क्लाउडच्या प्रत्येक विभागासाठी कार्बनमुक्त विजेचा टक्का प्रसिद्ध करते. त्या यादीत माँट्रिअल आणि फिनलंड वर आहेत, मुंबई तळाकडे. ज्या कामाला भारतात राहण्याचे कायदेशीर बंधन नाही आणि उत्तराला अर्ध्या सेकंदाचा उशीर चालतो, ते काम तिथे हलवणे सोपे असते. जे इथेच ठेवायचे आहे त्यासाठी पुढच्या निविदेत एक रकाना वाढवा : मागील बारा महिन्यांचा तासागणिक अक्षय टक्का, मीटरच्या नोंदींसह. चार-पाच बँका आणि दोन-तीन सरकारी खात्यांनी एकाच वर्षी हा रकाना घातला, तर पुरवठादारांना आकडे तयार ठेवावेच लागतील. आणि तुमच्यापुढे दोन प्रस्ताव आले, एकात वार्षिक हिशेबाचे 100 टक्के आणि दुसऱ्यात नोंदींसह तासागणिक 70 टक्के, तर दुसरा घ्या.